मधल्या विद्यार्थ्याचे काय?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील असंख्य मध्यमवर्गीय घरांत एकच प्रश्न घोळू लागतो : संगणक अभियांत्रिकी करायची, पण कोठे? टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग साचतो. पुण्याच्या मावशीला फोन जातो, शेजारच्या ‘आयटी’तल्या दादाला चहाला बोलावले जाते. एवढे सारे होऊनही पसंतीक्रमाचा अर्ज अखेरीस भरला जातो तो एकाच आकड्याच्या भरवशावर. तो आकडा म्हणजे त्या महाविद्यालयातील सर्वोच्च ‘पॅकेज’.

पसंतीक्रम ही वरवर साधी वाटणारी यादी आहे. परंतु प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती अंतिम धरली जाते व पुढील फेऱ्यांचे दार बंद होते. चार वर्षांचे शुल्क, परगावचा राहण्याजेवण्याचा खर्च आणि बहुधा बँकेचे कर्ज, हा सारा डोलारा त्या यादीतील एका ओळीवर उभा राहतो. म्हणूनच तो आकडा काय सांगतो आणि काय लपवतो, हे पालकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

सर्वोच्च पॅकेज खोटे असतेच असे नाही; ते एका विद्यार्थ्याचे असते, इतकेच. त्यात वर्षाचा पगार किती, रुजू होतानाची एकरकमी रक्कम किती आणि काही वर्षांनी हाती येणारे कंपनीचे समभाग किती, याची फोड जाहिरातीत नसते. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चीही तीच कथा. अनेकदा ही टक्केवारी सर्व विद्यार्थ्यांची नसून महाविद्यालयाने ‘पात्र’ ठरविलेल्यांची असते. एकाच मुलाला दोन कंपन्यांनी बोलावले तर नेमणुका दोन मोजल्या जातात. आपला मुलगा पहिला येईल असे प्रत्येक आईवडिलांना वाटते आणि त्यात गैर काही नाही. पण साठांच्या वर्गात एकोणसाठ जण पहिले येत नाहीत, आणि घरचे कर्ज त्यांनाही फेडायचे असते.

खरा प्रश्न आहे तो मधल्या विद्यार्थ्याचा. त्याचे उत्तर मिळविण्याची सोयही आहे. तिचा उपयोग मात्र फारसा कोणी करीत नाही. केंद्र सरकारच्या ‘एनआयआरएफ’ मानांकनाची पहिली यादी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात भाग घेणाऱ्या संस्थेला आपली माहिती जाहीर करावी लागते. किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, कितींना नोकरी मिळाली, किती जण उच्च शिक्षणाकडे वळले आणि नोकरी मिळालेल्यांच्या वेतनाचा मध्यक किती, हे सारे तेथे असते. मध्यक म्हणजे सर्वांना वेतनाच्या क्रमाने उभे केले असता बरोबर मधल्याला मिळणारी रक्कम. हे आकडे सर्व शाखांचे एकत्र असतात, ही त्यांची मर्यादा. तरीही ते वाचल्यावर फलकावरील झगमगाट बराच उतरतो. मानांकनातील क्रमांकापेक्षा हे तक्तेच अधिक बोलके आहेत.

दुसरी चौकशी करायची ती शिक्षकांची. २०२४-२५ पासून तंत्रशिक्षण परिषदेने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेतील प्रवेशसंख्येवरील कमाल मर्यादा काढून टाकली. संगणक शाखेच्या तुकड्या वाढविणे सोपे झाले. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक या निकषाने शिक्षक उभे करणे सोपे झालेले नाही. संगणकाचा उत्तम पदवीधर उद्योगात मिळणारा पगार सोडून वर्गावर का येईल, हा प्रश्न आहेच. शाखांना ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’, ‘डेटा सायन्स’ अशी नवी नावे देऊन तो सुटत नाही. नाव कोणतेही असो, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क आणि त्यांच्यामागचे गणित पक्के शिकविणारा कोणी आहे का, एवढे पाहावे. ‘नॅक’ची श्रेणी संपूर्ण संस्थेची असते, ‘एनबीए’ची मान्यता मात्र अभ्यासक्रमनिहाय असते. त्यामुळे ती नेमक्या संगणक शाखेला आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे विचारण्यात संकोच नसावा.

पुण्याच्या ओढीविषयीही थोडे बोलले पाहिजे. तेथे कंपन्या जवळ आहेत, उमेदवारीच्या संधी अधिक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पुण्यातले कोणतेही महाविद्यालय हे सांगलीच्या १९४७ पासूनच्या वालचंदपेक्षा किंवा नांदेडच्या १९८१ पासूनच्या श्री गुरुगोविंदसिंगजी संस्थेपेक्षा सरस, हे गृहीतक तपासल्यावाचून स्वीकारू नये. जुन्या संस्थांचे माजी विद्यार्थी सर्वदूर पसरलेले असतात आणि पहिल्या नोकरीनंतरच्या काळात ते अधिक कामी येतात.

कारण पहिली नोकरी म्हणजे कारकीर्द नव्हे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे बारा हजार, म्हणजे दोन टक्के, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणीतील अनुभवी माणसे होती. एकेकाळी कॅम्पसमधून निवड होणे हेच ज्या पिढीला गंतव्य वाटले, तिच्यावर चाळिशीत पुन्हा विद्यार्थी होण्याची वेळ आली. ज्यांनी केवळ एखादे साधन शिकून घेतले होते, त्यांची अडचण मोठी. ज्यांचा पाया पक्का, त्यांना नवे साधन काही महिन्यांत हाताळता येते.

यादी कायम करण्यापूर्वी बापलेकांनी, किंवा मायलेकींनी, पहिल्या दोन-तीन महाविद्यालयांत कामकाजाच्या दिवशी एक फेरी मारावी. समुपदेशकाच्या वातानुकूलित खोलीत फार वेळ घालवू नये. दुपारी तीन वाजता प्रयोगशाळेत डोकवावे : यंत्रे चालू आहेत का, शिक्षक जागेवर आहेत का, की मुले आपापल्या मोबाईलमध्ये गढलेली आहेत. मग कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठावे, शक्यतो सूचनाफलकावर ज्याचे छायाचित्र नाही अशाला, आणि या सहामाहीत त्याला कोणी काय शिकविले ते विचारावे.