पाकिटात नसलेला प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात रात्री दिवे मालवून घरात बसायची वेळ आली, तेव्हा बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅटने खुनाच्या तपासाच्या खेळाचा पट आखला. १९४४ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४९ मध्ये लीड्सच्या वॅडिंग्टन्स कंपनीने तो ‘क्लूडो’ या नावाने बाजारात आणला. सहा संशयित, सहा हत्यारे, नऊ खोल्या; एकूण शक्यता ३२४. एकेक शक्यता खोडत जायचे, उरेल तेच पाकिटात लपवलेले उत्तर. कोणी, कशाने, कुठे? ‘का’ मात्र कुणी विचारत नाही.

खऱ्या खुनांचा पुण्याचा अनुभव मात्र वेगळा आहे. स्वारगेटहून सारसबागेकडे निघाले की जवळच पेशवे पार्क. तिथल्या तळ्यात जानेवारी १९७६ मध्ये लोखंडी पिंपात घालून एका कॉलेजकुमाराचे प्रेत बुडवले गेले. मारण्याआधी मारेकऱ्यांनी ‘घर सोडून जातोय’ अशी चिठ्ठी त्याच्याच अक्षरात लिहून घेतली होती. त्याचे काय झाले, हे वर्ष उलटले तरी कळले नाही. त्याच १९७६ साली ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीतल्या जोशींच्या घरी तीन, तर १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या अभ्यंकरांच्या घरी पाच जणांचे बळी गेले. हत्यार नायलॉनची दोरी. दिवेलागणीलाच शहर दारांना कड्या लावू लागले.

मार्च १९७७ मध्ये दहावा खून झाला, तेव्हा सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकरांच्या चौकशीत संशयित कॉलेजकुमारांच्या जबान्या जुळेनात. इथवर खोडत जाण्याची पटावरचीच रीत उपयोगी पडली. पण आतली हकिगत कोर्टासमोर आली ती त्यांचा साथीदार सुहास चांडक माफीचा साक्षीदार झाल्यावर. अभिनव कला महाविद्यालयाशी संबंधित चौघांना १९७८ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात ती अमलात आली.

पाकीट उघडले, कोण-कशाने-कुठे कळले. प्रत्यक्ष पुरावा भक्कम असेल तर कायदाही हेतूसाठी अडून बसत नाही. पण प्रश्न उरतोच: चार पैशांसाठी चित्रकलेच्या मुलांनी अभ्यंकरांकडचे आजी-आजोबा, नातवंडे आणि मोलकरीण यांचे गळे का आवळावेत? ‘पैशाची हाव’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. हाव अनेकांना असते. आज मालिका आणि पॉडकास्ट गुन्ह्यांचे पट रोज मांडतात आणि मारेकऱ्याचे नाव घराघरांत पोचवतात. पण आपल्याच कॉलेजातली, आपल्याच कट्ट्यावरची मुले या टोकाला जाईपर्यंत कुणाला काहीच कसे खटकले नाही, हा तपास पोलिसांचा नव्हे, समाजाचा. तो आपण अजून हाती घेतलेला नाही.