विश्लेषण : दातांच्या उपचाराआधी औषधी चूळ कशासाठी? विषाणूंपासून ती खरेच वाचवते का?

दातांच्या दवाखान्यात खुर्चीत बसले की अनेकदा आधी औषधाचा छोटा कप हातात येतो. अर्धा मिनिट तोंडात खळखळवायचे आणि थुंकायचे. ही पद्धत जुनीच, पण करोनाकाळात ती सर्वत्र रुजली. हातकणंगले तालुक्यात नवे पारगाव येथे दंत महाविद्यालयच असल्याने इथल्या विद्यार्थ्यांसाठीही हा रोजचा विषय आहे.

धोका नेमका कुठून?

दात साफ करणारे अल्ट्रासॉनिक यंत्र आणि वेगाने फिरणारे ड्रिल पाण्याचा फवारा मारतात. त्यात लाळ आणि रक्त मिसळून सूक्ष्म तुषार उडतात. डॉक्टर आणि सहायकाचा चेहरा तिथून जेमतेम हातभर अंतरावर असतो.

म्हणूनच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे २०२० मध्ये दंतवैद्यांसाठीच्या सूचनांत उपचाराआधी ०.२३ टक्के पोव्हिडोन आयोडीनने किमान १५ सेकंद चूळ भरण्यास सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ०.२ टक्के पोव्हिडोन आयोडीन सुचवले.

पुरावा काय सांगतो?

प्रयोगशाळेतले निकाल उत्साह वाढवणारे होते. जर्मनीतील बोखुम येथील संशोधकांनी २०२० मध्ये बाजारातील आठ माऊथवॉश करोना विषाणूवर ३० सेकंद तपासले. त्यापैकी तिघांनंतर विषाणू आढळण्याइतकाही उरला नाही. पण परीक्षानळी म्हणजे तोंड नव्हे. तोंडात लाळ सतत पाझरते आणि विषाणू घसा व नाकातील पेशींच्या आत वाढत असतो. तिथवर चूळ पोहोचत नाही. नळ चालू ठेवून हौद उपसावा, तसा हा प्रकार.

कॉक्रेन संस्थेच्या २०२२ मधील आढाव्यात १७ चाचण्या, ८३० सहभागी होते. चुळीमुळे डॉक्टर किंवा सहायक कमी आजारी पडले का, हे त्यातल्या एकाही चाचणीने मोजले नव्हते. मोजले गेले ते हवेतून पडलेले जिवाणू, विषाणू नव्हेत. ‘जंतू घटले’ आणि ‘लागण टळली’ हे दोन वेगळे दावे आहेत. जाहिरातींत मात्र ते सर्रास एक केले जातात.

कोणते औषध?

क्लोरहेक्सिडीन जिवाणूंवर प्रभावी, पण करोना विषाणूवर प्रयोगशाळेत तुलनेने कमकुवत ठरले. सतत वापरल्यास दातांवर डाग पडतात, चव बिघडते. पोव्हिडोन आयोडीन घेण्यापूर्वी थायरॉइडचा आजार, आयोडीनची ॲलर्जी किंवा गर्भारपण असल्यास डॉक्टरांना सांगायलाच हवे. बाजारात मिळणारे २ टक्क्यांचे द्रावण मंत्रालयाने सांगितलेल्या प्रमाणाच्या जवळपास नऊ पट तीव्र असते, त्यामुळे ते पातळ करण्याचे काम दवाखान्यावरच सोडलेले बरे.

मग खरे संरक्षण कशात?

हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्ही रक्तातून पसरतात. तिथे चूळ उपयोगाची नाही. हवी नवी सुई आणि ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे निर्जंतुक केलेली उपकरणे. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगण्यात संकोच कशाला? डॉक्टर व सहायकांनी हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस घेतलेले असणेही तितकेच गरजेचे. तुषारांसाठी जोरदार सक्शन, रबर डॅम, मास्क आणि उघड्या खिडक्या यांवर भर हवा. चूळ ही त्यांच्या जोडीची, त्यांच्याऐवजी नव्हे.

आणि ताप-खोकला असताना दात साफ करून घेण्याची घाई असेल, तर आधी फोन करून तारीख पुढे ढकलावी. असह्य वेदना किंवा सूज असेल, तर मात्र लक्षणे सांगूनच दवाखाना गाठावा.