शाप त्याला, उपास तिला

इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांत एक पुरुष गेली दोनशे वर्षं ठाण मांडून बसला आहे. तो उमराव असतो. वाडा मोठा, जमीनजुमला अमाप. पण चेहऱ्यावर व्रण, भूतकाळात एखादं पाप किंवा घराण्याला शाप. तो तुसडेपणानं वागतो, बाईचा पाणउतारा करतो, मनात येईल तेव्हा तिला जवळ घेतो आणि मनात येईल तेव्हा झिडकारतो. मग एक साधीसुधी, सरळमार्गी मुलगी त्या वाड्यात येते. ती सोसते, समजून घेते, आणि शेवटच्या पानापर्यंत तिच्या प्रेमानं त्याचा शाप उतरतो. अलीकडे उमरावाच्या जागी कधी पिशाच्च येतं, कधी अब्जाधीश उद्योगपती. 2011 साली आलेल्या आणि कोट्यवधी प्रती खपलेल्या ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’मध्येही बालपणी दुखावलेला धनाढ्य पुरुष आहेच. गणित तेच : दुखणं त्याचं, औषध ती.

स्त्रियांच्या चळवळीनं या पुस्तकांची दखल का घ्यावी, असं कुणी विचारेल. घ्यावी, कारण हे गणित पुस्तकात राहत नाही. समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीनं हे वाक्य ऐकलेलं आहे, ‘मनानं वाईट नाहीत हो ते, फक्त राग आवरत नाही.’ बिघडलेल्या मुलाबद्दल घरची मोठी माणसं म्हणतात, ‘लग्न करून द्या, सुधारेल.’ हे बोलणाऱ्यांनी एकही इंग्रजी कादंबरी वाचलेली नसते. त्यांना हा धडा सोळा सोमवारांनी आणि वटसावित्रीनं दिलेला असतो : शाप त्याला, उपास तिला. पण त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी मोबाइलवर शापित सरदाराची गोष्ट वाचते, तेव्हा तिलाही आजीचाच धडा मिळतो, फक्त नव्या वेष्टनात. आणि इंग्रजीत आहे म्हणून तो तिला आधुनिक वाटतो.

आपल्या गटांत अशा पुस्तकांविषयी दोन प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे नाक मुरडणं, दुसरी म्हणजे ‘मुलींना हे वाचू देऊ नका’ म्हणणं. मला दोन्ही चूक वाटतात. ‘मिल्स अँड बून’ ही प्रकाशनसंस्था 1908 साली लंडनमध्ये सुरू झाली. तिची पुस्तकं बायकांनी पिढ्यान् पिढ्या वाचली, त्या बायका काही मूर्ख नव्हत्या. अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे हिनं एका गावातल्या प्रणयकथा वाचणाऱ्या बायकांशी बोलून 1984 साली पुस्तक लिहिलं. त्या बायकांनी सांगितलं की हातात पुस्तक असतं तेवढा वेळ आमचा स्वतःचा असतो. दिवसभर सगळ्यांची काळजी त्या घेत, त्यांची काळजी घेणारं कुणी नव्हतं. म्हणून शेवटी नायिकेला जपणारा नायक त्यांना हवासा वाटे. भूक खरी आहे. पानावर वाढलेलं अन्न कसं आहे, एवढाच प्रश्न आहे.

हा पुरुष इंग्रजी साहित्यात आला कुठून? 1740 साली सॅम्युएल रिचर्डसनची ‘पामेला’ आली. पंधरा वर्षांची मोलकरीण. मालक तिच्या अंगाशी येतो, पळवून नेऊन दूरच्या घरात कोंडतो. ती दाद देत नाही. शेवटी तो तिच्याशी लग्न करतो आणि हे तिच्या शीलाचं बक्षीस मानलं जातं. छळणारा हाच बक्षीस! पुढे लॉर्ड बायरन या कवीनं त्या पुरुषाला खिन्न, देखणा, शापित चेहरा दिला. लोकांना कवी आणि त्याचा नायक एकच वाटू लागले. या खऱ्याखुऱ्या उमरावाच्या बायकोनं काय केलं, ते मात्र कथांमध्ये येत नाही. अ‍ॅनाबेलाचं लग्न जानेवारी 1815 मध्ये झालं. वर्षभरानं, जानेवारी 1816 मध्ये, महिन्याभराची मुलगी घेऊन ती माहेरी निघून गेली आणि परतली नाही. त्याला बरं करत बसली नाही.

मग 1847 साली शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ आली. वाड्याचा तिरसट मालक रॉचेस्टर आणि त्याच्याकडे मुलीला शिकवायला आलेली अनाथ जेन. आजच्या शापित उमरावांचं मूळ घराणं हेच. पण मूळ पुस्तक नीट वाचा. माळ्यावर कोंडलेली पहिली बायको जिवंत आहे हे कळताच जेन निघून जाते, खिशात फारसं काही नसताना. पुढे तिला काकाचे वीस हजार पौंड मिळतात. ते ती चार भावंडांत वाटते आणि स्वतःला पाच हजार ठेवते. परत येते ती स्वतःच्या पैशावर, स्वतःच्या इच्छेनं. तोवर रॉचेस्टरचा एक हात आणि दृष्टी आगीत गेलेली असते, पहिली बायको मेलेली असते. दोघांच्या ताकदीतली तफावत कमी केल्याशिवाय लेखिकेला लग्न लावणं जमलं नाही, असंच मी याचं वाचन करते. नंतरच्या शेकडो नकलांनी तिरसट मालक ठेवला आणि जेनचे पाच हजार पौंड टाकून दिले.

आणि ते पाच हजारही टिकते का? तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्यानं लग्न होताच बाईची रोकड नवऱ्याची होई. विशेष करारनामा केला असेल तरच वाचे. विवाहित स्त्रीला आपली मालमत्ता स्वतंत्रपणे बाळगण्याचा पूर्ण हक्क देणारा कायदा 1882 मध्ये झाला. 1857 पर्यंत पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट हवा तर पार्लमेंटात खास विधेयक आणावं लागे. त्यानंतरही पुरुषाला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरे होई. बाईला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्यासारखं आणखी काही सिद्ध करावं लागे, ते 1923 पर्यंत. दार कायद्यानं बंद असेल तर आतल्या माणसाला सुधारण्याचं स्वप्न पाहण्यावाचून बाईच्या हाती काय उरतं? शापित उमरावाची कथा ही बंद दाराआडची कथा आहे.

त्याच घरातल्या धाकट्या बहिणीनं मात्र ते दार आपटून बंद केलं, नवऱ्याच्या तोंडावर. अ‍ॅन ब्राँटेची ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ 1848 ची. हेलन एका देखण्या, बेफिकीर श्रीमंत माणसाशी लग्न करते ती ‘मी याला सुधारीन’ या खात्रीनं. तो सुधारत नाही. दारू, बाहेरख्याली, आणि लहान मुलालाही दारूची चटक लावणं. तेव्हा ती मुलाला घेऊन पळते, नाव बदलून राहते, चित्रं विकून पोट भरते. पहिली आवृत्ती झपाट्यानं खपली. पण अ‍ॅनच्या मृत्यूनंतर शार्लटनंच तिच्या पुनर्मुद्रणाला नकार दिला. विषयाची निवडच चुकली, असं तिचं मत होतं. ‘जेन एअर’ जगभर गेली, ‘टेनंट’ बराच काळ मागे राहिली. बरं होणाऱ्या नवऱ्याची गोष्ट चालते. बऱ्या न होणाऱ्या नवऱ्याची गोष्ट घरातल्यांनाही नको असते. आपल्याला यात नवल वाटू नये.

आता ज्यांना ‘प्रयोगशील’ आणि ‘अवघड’ म्हणून आपण कपाटात वर ठेवतो, त्या कादंबऱ्यांकडे वळू. व्हर्जिनिया वुल्फनं कथानकाची मोडतोड केली ती केवळ हौस म्हणून, असं मला वाटत नाही. कथानक म्हटलं की ते बाईला लग्नापाशी किंवा मरणापाशी नेऊन सोडणार. तिला बाईचा उरलेला दिवस लिहायचा होता. ‘मिसेस डॅलोवे’ (1925) एका दिवसात घडते. त्यात सेप्टिमस आहे : महायुद्धानं मन उद्ध्वस्त झालेला, मेलेला मित्र डोळ्यांपुढे दिसणारा. हा खरा शापित पुरुष. त्याची बायको लुक्रेझिया इटलीतून आलेली, टोप्या बनवण्यात कुशल, परक्या शहरात एकटी. ती त्याच्यावर जीव टाकते. तरीही तो बरा होत नाही. डॉक्टर त्याचं ऐकत नाहीत आणि तो खिडकीतून उडी टाकतो. प्रेमाला जे जमत नाही ते प्रेमावर लादू नका. ते काम दवाखान्याचं आहे, समाजाचं आहे, युद्ध पुकारणाऱ्यांचं आहे.

‘टू द लाइटहाऊस’ (1927) मध्ये मिस्टर रॅमझी क्रूर नाहीत, पण त्यांना सतत सहानुभूती लागते. मिसेस रॅमझी ती ओतत राहतात आणि रित्या होतात. आठ मुलांच्या या आईचा मृत्यू लेखिकेनं कंसातल्या एका वाक्यात उरकला आहे. सगळ्यांना पुरवणाऱ्या बाईची अखेर एवढीच नोंद होते, हे सांगायला कंसासारखं साधन नाही. पुढे मिस्टर रॅमझी तीच सहानुभूती चित्रकार लिलीकडे मागू लागतात. तिला ती देववत नाही. ती त्यांच्या बुटांची तारीफ करते आणि आपलं चित्र पुरं करते. शापित उमरावाला दिलेलं इतकं नेमकं उत्तर मी दुसरं वाचलेलं नाही.

आणि माळ्यावरची ती बाई? तिच्या वतीनं डॉमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हीसनं 1966 साली ‘वाइड सारगासो सी’ लिहिली. तिचं नाव आंत्वानेत. बर्था हे नवऱ्यानं लादलेलं. तिचे तीस हजार पौंड त्याला मिळाले, तिला मिळाला माळा. उमरावाचा शाप म्हणून जो सांगितला जातो, तो एका वसाहतीतल्या मुलीच्या पैशावर झालेला व्यवहार होता.

इंग्लंडमध्ये नवऱ्यानं केलेला बलात्कार हाही गुन्हाच, हे तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं 1991 मध्ये मान्य केलं. धाकदपटशानं जोडीदारावर ताबा ठेवणं 2015 च्या कायद्यानं गुन्हा ठरलं. आपल्याकडे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळही हिंसा मानला. पण सज्ञान बायकोवरच्या बलात्काराला दिलेली सूट 2023 च्या भारतीय न्याय संहितेनंही कायम ठेवली. कादंबरीतला उमराव जे ‘तीव्र प्रेम’ म्हणून करतो, त्यातलं बरंचसं या कायद्यांच्या भाषेत हिंसा आहे. मुलींना हे कळायला हवं, आणि ते केवळ कायद्याच्या शिबिरात कळेल असं नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या वाचनगटांतून प्रणयकथा हद्दपार करू नका. त्यांच्या शेजारी अ‍ॅन ब्राँटे, वुल्फ आणि ऱ्हीस ठेवा. इंग्रजी जमत नसेल तिथे एकीनं वाचून दुसरीला मराठीत गोष्ट सांगावी. आपल्या चळवळीत पुष्कळ काही असंच पसरलं आहे. आणि कुठलीही प्रेमकथा वाचून झाली की मुलींना तीन प्रश्न विचारू द्या. त्याच्या दुखण्याचा खर्च कोण भरतंय? त्या वाड्यात आधी कोण बाई होती आणि ती आता कुठे आहे? आणि त्याचा शाप उतरलाच नाही, तर हिच्याकडे बाहेर पडायला दार आणि पोटापुरता पैसा आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ती प्रेमकथा नाही. आणि हेच उत्तर आपल्या वस्तीतल्या बाईकडून आलं, तर तिला नवऱ्याला समजून घ्यायला सांगण्याआधी त्या दाराची आणि पैशाची सोय करणं हे आपलं काम आहे.