पुळणीची वाट आणि सोबती

एकत्र कुटुंबात माणसांची वाण नसते. वाण असते ती निवांतपणाची. एका छपराखाली दहा-पंधरा माणसे नांदत असली, तरी त्यांतील कोणत्याही दोघांस सबंध एक दिवस एकमेकांच्या सहवासात काढावयास मिळाला, असे वर्षातून कितीदा घडते, हे वाचकांनी आपल्याच घरी मोजून पाहावे. घरातील महत्त्वाच्या गोष्टी आपण पंगतीत, माजघरात आणि अलीकडे बहुधा टेलिफोनवर बोलतो. समोरासमोर बसले म्हणजे एकमेकांचे चेहरे पाहूनच निम्मे बोलणे गिळले जाते; टेलिफोनवर चेहरा नसतो, पण वेळही नसतो. म्हणून ह्या महिन्यात एका पायी प्रवासाविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. हा प्रवास हिमालयातील नव्हे. दापोली तालुक्यातील मुरूडपासून आंजर्ल्यापर्यंत समुद्राच्या कडेकडेने जाणाऱ्या तीन-चार कोसांच्या वाटेचा आहे.

किनाऱ्याने चालणाऱ्याने घड्याळाआधी पंचांग पाहावे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ अदमासे कळते, हा कोकणातील जुना हिशेब. अष्टमीस सहाच्या सुमारास भरती, चतुर्थीस तीनच्या सुमारास. आणि भरतीपासून सहा तासांच्या अंतराने ओहोटी. आम्ही गेल्या फाल्गुनातील वद्य चतुर्थी निवडली, ती दोन कारणांसाठी. एक तर त्या दिवशी सकाळी नऊपर्यंत पाणी ओसरत जाते आणि ओल्या वाळूची टणक सडक पायांखाली मिळते. कोरड्या वाळूत चालणे म्हणजे एका कोसाचे दोन करणे होय. दुसरे म्हणजे, संकष्टीस आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घडावे, अशी आमच्या सोबत्याची इच्छा होती.

सोबती म्हणजे आमचे वडील बंधू. आम्ही सारे शिक्षणाच्या व नोकरीच्या निमित्ताने पुण्यामुंबईस पांगलो. दादा मात्र मुरूडची वाडी सांभाळीत राहिले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याच्या तडाख्यात दापोली-मंडणगडाकडील बागाही सापडल्या. वडिलांच्या हातची पोफळ एका दुपारी आडवी झाली. तेव्हापासून घरात एकच विषय होता, वाडी ठेवावी की विकावी. शहरातील मंडळींचे म्हणणे विकावी असे. दादा त्यावर काही बोलत नसत. टेलिफोनवर आकडे तेवढे येत-जात होते. ह्यापुढे काय करावयाचे, ते त्या उन्हाळ्यात ठरवावयाचे होते.

उजाडता उजाडता चपला हातात घेऊन आम्ही पुळणीवर उतरलो. डाव्या हातास समुद्र, उजव्या हातास सुरूची रांग. हे मुरूड गाव चालणारांचेच म्हटले पाहिजे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण येथे गेले. परीक्षेस बसण्यासाठी ते येथून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वय लहान दिसते ह्या कारणावरून त्यांस परीक्षेस बसू दिले नाही, ही हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. निराश होऊन आले तरी ते पुन्हा शिकावयास निघालेच!

वाळूच्या वरच्या अंगास जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली दिसते. तिला मर्यादवेल म्हणतात. भरतीचे पाणी सहसा जेथवर येते त्याच्या लगत ती वाढते आणि आपल्या मुळांनी उडती वाळू धरून ठेवते. समुद्राची मर्यादा सांगणाऱ्या वेलीस ह्याहून समर्पक नाव कोणते द्यावे? ती दाखवून दादा म्हणाले, “वादळानंतर पहिली हीच परत आली.” तेवढे बोलून ते पुन्हा गप्प झाले. आम्हीही काही विचारले नाही. सालदुरे व पाळंदे मागे पडेपर्यंत दोघांत लाटांखेरीज कोणी बोलले नाही; आणि आश्चर्य असे की, ती शांतता जड वाटली नाही.

हर्णैस पुळण सोडून गावात यावे लागते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे, आणि किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा किल्ला ही त्याची तीन धाकटी भावंडे. १७५५ साली पेशव्यांनी इंग्रजांचे आरमार साहाय्यास घेऊन हा जलदुर्ग तुळाजी आंग्ऱ्यांकडून घेतला. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली, त्यांत सुवर्णदुर्गही आहे. दादा म्हणाले, “घरच्या भांडणात परक्याचे आरमार बोलावले, म्हणजे किल्ला मिळतो, पण पुढे समुद्र कोणाचा झाला, ते पाहा.” त्यांचा रोख इतिहासाकडेच होता असे आम्हांस वाटले नाही.

पाजपंढरीच्या पुढे आडखळकडे जाताना एका झाडाखाली फराळास बसलो. उकडलेली रताळी, भाजलेले शेंगदाणे आणि खोबऱ्याचा तुकडा; उपास असल्याने शिदोरी हलकी होती. पुन्हा चालू लागल्यावर, समोर पाहतच, दादा बोलू लागले. “पडलेल्या जागी मी पोफळ पुन्हा लावली, हे तुम्हांला कळवले नाही. कळवले असते तर खर्चाचा हिशेब विचारला असता. पोफळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात. मी साठी ओलांडलेली. कोणासाठी लावतोस, असे कोणी विचारले असते, तर काय सांगायचे होते मी?” थोडे अंतर जाऊन ते पुढे म्हणाले, “यंदा काही झाडांना पहिला फुलोरा आला आहे. विकायचीच तर वाडी विका. पण रिकामी जागा समजून विकू नका. एकदा येऊन पाहा.”

पाच वर्षांत जे वाक्य टेलिफोनवर आले नव्हते, ते चालता चालता आले.

जोग नदीची खाडी पूर्वी होडीने ओलांडीत. आता पूल आहे. पलीकडे आंजर्ले, आणि वर टेकडीवर देऊळ. मूळ देऊळ खाली समुद्रकाठी होते, पाणी वाढत आले तेव्हा देव कड्यावर गेला, असे सांगतात. भरती चढत असता आम्ही पायऱ्या चढलो. दर्शन घेऊन बाहेर ओट्यावर बसल्यावर दादा इतकेच म्हणाले, “समुद्र आला म्हणून देवाने जागा बदलली, गाव नाही सोडले.”

परत आल्यावर घरातील सर्वांस आम्ही हे सारे जसेच्या तसे सांगितले. नवी पोफळ नीट धरेपर्यंत विक्रीचा विषय काढू नये, पंपाचा व मजुरीचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा, आणि दर मे महिन्यात प्रत्येक बिऱ्हाडातील एका तरुणाने वाडीत राहून काम करावे, असे ठरले. प्रश्न कायमचा सुटला असे नव्हे. परंतु आता तो आकड्यांचा न राहता माणसांचा झाला.

वाचकांपैकी सर्वांस समुद्र जवळ नसेल. नदीचा काठ, टेकडीची वाट, शेताचा बांध, काहीही चालेल. मात्र काही पथ्ये पाळावी. दोघांनीच जावे, तिसरा आला की बैठक होते. टेलिफोन घरी ठेवावा. शिदोरी बेताची असावी. मनातला विषय पहिल्या कोसात काढू नये. तो आपल्या पायांनी येऊ द्यावा. आणि शेजारी शेजारी चालावे, दृष्टी समोर असावी. ज्या गोष्टी तोंडावर बोलता येत नाहीत, त्यांतील पुष्कळशा एकाच दिशेने चालणाऱ्या माणसास सांगता येतात. सासूसुना, बापलेक, भाऊभाऊ, कोणीही हा प्रयोग करून पाहावा. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस घरासाठी असू द्यावे; एक दिवस घरातील एका माणसासाठी काढावा.