काटा जागचा हलवू नका!

सणासुदीला वाद घालू नये, असे वडील मंडळी सांगत आली आहेत. ती आज्ञा मी आज मोडणार आहे, आणि त्याला कारण आमचे लातूरचे मेहुणे. गेल्या भाऊबीजेला ते आमच्याकडे नांदेडला आले. ओवाळणी झाली, फराळाचे ताट पुढे आले, आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता त्यांची नजर माझ्या टेबलाकडे गेली.

"दाजी, आठ चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस घेतलात, हरकत नाही. पण त्यावर हे अठ्ठेचाळीस भोकांचं खोकं कशाला? चार तारा हातानं बदलायला काय झालं?"

घरी ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्या पुष्कळांच्या मनात हाच प्रश्न असतो, म्हणून त्याचे उत्तर चारचौघांत द्यावयाचे मी ठरविले आहे.

या खोक्याला पॅच बे म्हणतात. त्याचा आजा म्हणजे जुने टेलिफोन एक्स्चेंज. ट्रंक कॉल जोडून देणारी बाई समोरच्या भोकांत दोरीचे टोक खोवीत असे. ही तीच युक्ती, आणि पाव इंची खुंटीही तिकडूनच आलेली. पॅच बेला चोवीस भोकांच्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीत यंत्रांतून बाहेर पडणारे आवाज, खालच्या ओळीत यंत्रांत शिरणारे. नेहमीच्या जोडण्या पाठीमागे एकदाच करून ठेवावयाच्या. वरचे भोक खालच्या भोकाशी आतल्या आत जोडलेले असते, त्यामुळे समोर एकही दोरी नसली तरी आवाज आपल्या वाटेने जातो. वाट बदलावयाची असेल तरच पुढून वीतभर दोरी खोवावयाची. टेबलामागे कोणी शिरावयाचे नाही.

टेबलामागे शिरण्याची किंमत मी मोजली आहे. हे खोके येण्यापूर्वीची गोष्ट. घरात लग्न झाले आणि रात्री गोंधळ ठेवला. संबळ, तुणतुणे, झांज आणि दोन गळे. इंटरफेसला मुलाचा कीबोर्ड आणि गिटार जोडलेली होती. ती उपटून मायक्रोफोनच्या तारा लावाव्यात म्हणून मी टेबलामागे पालथा पडलो. तुणतुण्याची तार कोणती आणि झांजेची कोणती, हे बॅटरीच्या उजेडात चाचपडत होतो. तेवढ्यात दिवटी पेटली आणि म्हाताऱ्या गोंधळ्याने माहूरच्या रेणुकेला साद घातली. तसा आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. धूळ झटकीत मी बाहेर आलो, तोवर साद संपली होती.

"बाबा, तेवढं पुन्हा एकदा म्हणता का?"

म्हातारा हसला. "मालक, आईला एकदाच बोलवायचं असतंय. आता पुढलं ऐका."

पुढले सगळे माझ्यापाशी आहे. ती साद मात्र नाही.

आता आक्षेप. पहिला असा की, मोबाईल उभा करून ठेवा, काम झाले. होय, लग्नाची आठवण म्हणून ते पुरेल. पण संबळ शेजारी असले की तुणतुण्याची एक तार कोठल्या कोठे गडप होते. प्रत्येक वाद्याला आपला मायक्रोफोन आणि आपले चॅनेल असेल, तरच ती तार नंतर वर काढता येते. आता संगणक मिसळलेले आवाज वेगळे करून देतो, असे कोणी म्हणेल. देतो, पण तो अंदाजाने देतो. दळलेल्या पिठातून ज्वारी आणि गहू निवडण्याचा प्रकार आहे तो. दळण्याआधीच दोन डबे ठेवले असते तर?

दुसरा आक्षेप अधिक शहाण्यांचा. "खरे काम करावयाचे तर पुण्यामुंबईच्या स्टुडिओत जा." अहो, गोंधळ घरात घालतात! देवीची चौकी घरात, दिवटी घरात, यजमान घरात. त्याला काचेच्या खोलीत नेऊन बसविले तर उरेल ते गाणे. गोंधळ उरणार नाही. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांत आमच्या मराठवाड्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्याही आहेत. त्या बाया स्टुडिओत गेल्या नव्हत्या. यंत्र त्यांच्या गावी गेले होते.

तिसरा आक्षेप मी मान्य करतो. जितके सांधे अधिक, तितक्या खरखरीच्या जागा अधिक. खोक्यापेक्षा त्याच्या तारांनाच जास्त पैसे पडतात. दोन मायक्रोफोनवाल्याने हे लोढणे गळ्यात बांधून घेऊ नये. शिवाय काही मायक्रोफोनांना ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो या भोकांतून नेऊ नये. खुंटी घालता-काढताना टोक भलत्या जागी टेकते आणि यंत्राला धक्का बसू शकतो. मी मायक्रोफोनच्या तारा थेट प्रीअँपला जोडल्या आहेत आणि तेथून पुढचा आवाजच पॅच बेतून नेतो. प्रत्येक भोकाखाली चिठ्ठी चिकटविली आहे. हा शिस्तीचा खर्च आहे, आणि शिस्त फुकट मिळत नाही.

मेहुण्यांची लातुरात आडत आहे. मी त्यांना विचारले, "तूर घेऊन शेतकरी दारात उभा राहिला म्हणजे तुम्ही काटा शोधायला माळ्यावर चढता का?"

"काटा कायमचा जागेवर असतो, दाजी."

"मग हाही काटाच समजा."

"पण तूर दर साली येते. तुमचा गोंधळी काय रोज येणार आहे?"

"तेच म्हणतो मी. तूर दर साली येते, तरी तुम्ही काटा जागचा हलवीत नाही. म्हातारा गोंधळी पुन्हा येईल, याची हमी कोण देणार?"

मेहुण्यांनी दुसरी चकली उचलली. थोड्या वेळाने म्हणाले, "मार्गशीर्षात पुतण्याचं लग्न आहे. हे सगळं लातूरला आणता येईल का?"