बोईसरच्या मुली, ब्युटी पार्लरची परीक्षा आणि खरे प्रमाणपत्र

बोईसर-तारापूर परिसरातील कामगार वस्त्यांमध्ये एकाच घरात दोन परीक्षांचा अभ्यास चाललेला दिसू शकतो. भाऊ बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेची तयारी करतो, बहीण ब्युटी पार्लरच्या. भावाच्या परीक्षेमागे कायदा उभा आहे. 1923 च्या बॉयलर कायद्यापासून आपल्याकडे नियम असा की सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेला माणूस हजर असल्याशिवाय बॉयलर चालवता येत नाही. त्यामुळे एमआयडीसीत त्याच्या कागदाला किंमत आहे. बहिणीच्या परीक्षेमागे असा कोणताही कायदा नाही. भारतात पार्लर चालवायला किंवा पार्लरमध्ये काम करायला कौशल्याचा परवाना लागत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार छोट्या दुकानाने सूचना दिली की पुरते. स्थानिक संस्थेचा व्यवसाय परवाना लागला तरी तो जागेचा असतो. गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावर हात ठेवणारीला काम येते का, हे कोणीही विचारत नाही.

तरीही पालघर, बोईसर, विरार, वसई या पट्ट्यात ब्युटी कोर्सचे फलक जागोजागी दिसतात. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागल्यावर मुलींना विरार-वसईचे क्लासही जवळचे झाले. आईने भिशीतून किंवा बचत गटातून पैसे काढायचे, मुलीने सहा महिने ये-जा करायची आणि शेवटी एक चकचकीत प्रमाणपत्र घरी आणायचे. त्या प्रमाणपत्राला कोण मानते, हा प्रश्न बहुतेक वेळा पैसे भरून झाल्यावर सुचतो. या क्षेत्रात आपल्या समाजातील मुली मोठ्या संख्येने येत आहेत. म्हणून हा प्रश्न आधी विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

कोणता कागद कोणाचा?

आज या क्षेत्रात ढोबळमानाने चार प्रकारची प्रमाणपत्रे मिळतात.

पहिले आयटीआयचे. 1950 पासून केंद्र सरकारची क्राफ्ट्समन ट्रेनिंग स्कीम चालू आहे आणि तिच्यात कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावी उत्तीर्ण मुलीला त्यात प्रवेश घेता येतो. 2022 च्या सुधारित रचनेनुसार वर्षाला 1200 तासांचे शिक्षण आहे. त्यात 840 तास प्रात्यक्षिक, 240 तास सिद्धांत आणि 120 तास रोजगार कौशल्ये. याशिवाय प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी 150 तास घालवायचे असतात. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र देशभर चालते आणि त्याची पडताळणी ऑनलाइन होते.

दुसरे, राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम. तिसरे, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेसारख्या योजनांतून मिळणारे प्रमाणपत्र, ज्याची परीक्षा ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलच्या निकषांवर होते. जी बाई दहा वर्षे घरातच थ्रेडिंग-वॅक्सिंग करते आहे, तिच्यासाठी याच व्यवस्थेत पूर्वकौशल्याला मान्यता देण्याचा मार्ग आहे. तिला पुन्हा पहिल्यापासून कोर्स करावा लागत नाही.

चौथे, खासगी अकादमीचे. यात झुरिकच्या सिडेस्कोसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा महागडा डिप्लोमा येतो आणि क्लासच्या मालकाने स्वतःच्या सहीने छापलेला कागदही येतो. भिंतीवर दोन्ही सारख्याच फ्रेममध्ये लागतात. गोंधळ इथेच होतो.

म्हणून पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. परीक्षा कोण घेते, शिकवणारा की बाहेरचा परीक्षक? प्रमाणपत्र देणारी संस्था राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषदेने मान्य केलेली आहे का? प्रात्यक्षिकाचे तास किती, आणि ते डमीवर की माणसांवर? साहित्याचा खर्च फीमध्ये धरला आहे की वेगळा? उत्तर लेखी मागावे. जो लिहून द्यायला तयार नाही, त्याच्याकडे पैसे भरू नयेत.

परीक्षेत नेमके काय आहे?

पार्लरचे काम म्हणजे हाताची सफाई, त्याला अभ्यास कशाला, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. अभ्यासक्रम उघडून पाहिला तर हा समज टिकत नाही. त्वचेचे थर, केसांच्या वाढीचे टप्पे, जंतुनाशन आणि निर्जंतुकीकरण यांतला फरक, कोणत्या त्वचेवर फेशियल करू नये, ही सगळी शरीरशास्त्राची आणि रसायनशास्त्राची ओळख आहे.

तारापूरच्या वाचकाला हे लवकर कळेल. इथल्या कारखान्यांत रंग, रसायने, औषधांचा कच्चा माल तयार होतो. हातमोजे, गॉगल, धोक्याची चिन्हे यांची निदान कागदावर तरी सक्ती आहे. पार्लरमधली मुलगीही रसायनेच हाताळते. डेव्हलपरच्या बाटलीवर 20 व्हॉल्यूम लिहिले असेल तर त्यात 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असते. 40 व्हॉल्यूम म्हणजे 12 टक्के. हा हिशेब ठाऊक नसलेल्या मुलीने केस लवकर उजळावेत म्हणून मोठ्या आकड्याची बाटली घेतली तर टाळू भाजते. केसांच्या अनेक काळ्या रंगांत पॅरा-फेनिलीनडायअमीन असते. अशा रंगाच्या पाकिटावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापणे आपल्या नियमांनी बंधनकारक केले आहे: आधी थोड्या त्वचेवर चाचणी घ्या, भुवया आणि पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकते. गिऱ्हाईक दारात ताटकळत असताना हा इशारा किती जणी पाळतात? परीक्षेसाठी अभ्यास केलेल्या मुलीला निदान गिऱ्हाईकाला थांबायला सांगण्याचे कारण तरी माहीत असते.

तसेच निर्जंतुकीकरणाचे. निळा दिवा लागणारी पेटी म्हणजे सगळे जंतू मेले, असा समज सर्रास आहे. खरे तर आधीच स्वच्छ केलेली अवजारे नीट ठेवायला ती पेटी असते. रक्त लागलेल्या अवजाराला ऑटोक्लेव्हच लागतो, 121 अंश सेल्सिअसला साधारण 15 मिनिटे. एकीला वापरलेला चमचा पुन्हा वॅक्सच्या भांड्यात बुडवू नये, हा नियम साधा आहे. पण हिपॅटायटिस-बी सारखा आजार रक्तातून पसरतो हे शिकले की त्यामागचे कारण कळते.

गोरेपणाची क्रीम

सर्वांत मोठा प्रश्न गोरेपणाचा आहे. केरळमधील डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळातील मूत्रपिंडाच्या एका विकाराच्या 22 रुग्णांचा अभ्यास ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांतील 15 रुग्णांमध्ये त्या विकाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या 15 पैकी 13 जणांनी गोरेपणाची क्रीम वापरली होती. अशा क्रीममधल्या पाऱ्याकडे डॉक्टरांनी बोट दाखवले. आपल्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार साध्या प्रसाधनात नकळत राहिलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. तरीही लेबल नसलेल्या डब्या बाजारात येतात आणि त्या अनेकदा पार्लरच्या खुर्चीतूनच विकल्या जातात.

सावळ्या रंगाला कमी लेखण्याचा रोग आपल्याकडे जातीच्या उतरंडीला चिकटून आला आहे. आपल्याच वस्तीतली मुलगी आपल्याच वस्तीतल्या मुलीला, लग्न जमावे म्हणून, अशी डबी विकत असेल तर नुकसान दोघींचेही आहे. नीट शिकलेली ब्युटिशियन त्वचेचा रंग मेलॅनिनमुळे ठरतो हे जाणते. ती गिऱ्हाईकाला खरे सांगू शकते आणि लेबल नसलेला माल परत पाठवू शकते. परीक्षेच्या अभ्यासाचा सामाजिक उपयोग मला सर्वांत जास्त इथे दिसतो.

मग परवाना सक्तीचा करावा का?

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कॉस्मेटॉलॉजीचा परवाना असतो. ठरावीक तासांचे शिक्षण आणि राज्याची परीक्षा झाल्याशिवाय तिथे पैसे घेऊन कोणाचे केस कापता येत नाहीत. मग आपल्याकडेही असाच कायदा करा, असे म्हणणे सोपे आहे. पण त्या परवान्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डोक्यावर केसांच्या वेण्या घालण्याची पिढीजात कला असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना, त्या कलेचा अभ्यासक्रमात पत्ताच नसताना, शेकडो तासांचा महागडा कोर्स करायला लावला जात होता. त्यांनी न्यायालयात आणि विधिमंडळांत लढा दिला आणि अनेक राज्यांनी त्यांना या अटीतून मोकळे केले. कॅलिफोर्नियाने 2022 पासून आवश्यक तास 1600 वरून 1000 वर आणले. तिथली लेखी परीक्षा इंग्रजीबरोबरच स्पॅनिश, व्हिएतनामी आणि कोरियन भाषेतही देता येते, कारण या कामात स्थलांतरित स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत.

आपल्या मुंबईचे उदाहरण तर याहून बोलके आहे. चित्रपटसृष्टीतील मेकअप कलाकार आणि केशरचनाकारांच्या संघटनेचा नियम होता की मेकअप कलाकाराचे कार्ड फक्त पुरुषाला मिळेल; स्त्रीने केशरचना करावी. कार्ड नसेल तर सेटवर काम नाही. परदेशात रीतसर शिकून आलेल्या चारू खुराणा यांनाही ते नाकारले गेले. 10 नोव्हेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्याची अटही टिकली नाही. हातात कौशल्य असलेल्या बाईला, कार्ड देणाऱ्यांनी इतकी वर्षे दाराबाहेर ठेवले होते.

आपल्या समाजाला हा अनुभव नवा नाही. एके काळी गावातला न्हावी आपले केस कापत नसे. कोणाच्या डोक्याला हात लावायचा हे जात ठरवत असे. आज त्याच कामाला ‘ब्युटी’ हे इंग्रजी नाव मिळाल्यावर सगळ्या जातींच्या मुली त्यात आल्या, हे चांगलेच झाले. पण सक्तीचा परवाना आला आणि त्याची परीक्षा महाग, लांब आणि परक्या भाषेत असली, तर सर्वांत आधी बाहेर पडेल ती सरावलीची, खैरापाड्याची, विक्रमगड-जव्हारच्या पाड्यावरची मुलगी. म्हणून माझे मत असे: काम करण्याचा हक्क परवान्याला बांधू नये. स्वच्छता आणि रसायनांच्या सुरक्षिततेचे छोटे प्रशिक्षण मात्र सर्वांना बंधनकारक करावे. ते मोफत असावे, तालुक्याच्या ठिकाणी मिळावे आणि मराठीत असावे.

आपण काय करू शकतो?

1942 च्या ऑक्टोबरमध्ये मजूरमंत्री म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात परदेशी उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांबरोबरच सरकारी छापखाने आणि रेल्वे कारखान्यांत अस्पृश्य मुलांना तांत्रिक प्रशिक्षण मिळावे अशी मागणी होती. हाताचे कौशल्य आणि त्यावर सरकारी शिक्का, या दोन्हींचे महत्त्व त्यांनी ओळखले होते. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, तेव्हा आयटीआयच्या राखीव जागेवर आपल्या मुलींचा हक्क आहे. दहावीच्या निकालानंतर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाची प्रवेशप्रक्रिया ऑनलाइन सुरू होते. कॉस्मेटॉलॉजी ट्रेड कोणत्या संस्थेत आहे हे त्याच पोर्टलवर दिसते. जातीचा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवावा. दाखल्याच्या धावपळीत प्रवेशाची फेरी निघून जाते आणि मग खासगी क्लासचे दार उरते.

प्रवेश मिळाल्यावर दोन आकडे लक्षात ठेवावेत. परीक्षेला बसण्यासाठी 80 टक्के हजेरी लागते. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण होण्यासाठी 60 टक्के गुण लागतात, लेखीत 33 टक्के. लेखी परीक्षा संगणकावर होते. माऊस हातात न धरलेली मुलगी तिथे उत्तर येत असूनही गडबडते. भारत स्किल्स या सरकारी पोर्टलवर प्रश्नसंच आणि सराव चाचण्या मोफत आहेत. आपल्या बुद्धविहारात रविवारी वंदनेनंतर दोन तास, एक संगणक आणि चार मुली एवढ्यावर अभ्यासमंडळ सुरू होऊ शकते. वस्तीतल्या परिचारिकेने जंतुनाशन समजवावे. कारखान्यात रसायनांचे काम करणाऱ्या भावाने पेरॉक्साइडची टक्केवारी समजवावी. पुढे दुकान काढायचे ठरले तर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या कर्ज योजनांची चौकशी करावी. तिथेही मान्यताप्राप्त प्रमाणपत्राचा उपयोग होतो.

शेवटी उपालीची आठवण. शाक्य राजपुत्रांचा हा न्हावी. त्यांच्याबरोबर तो बुद्धाकडे गेला तेव्हा आपला अहंकार गळावा म्हणून त्या राजपुत्रांनीच उपालीला आधी प्रव्रज्या द्यावी अशी विनंती केली. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे, म्हणजे संघाच्या नियमांचे प्रश्न महाकाश्यपांनी विचारले ते उपालीला. वस्तरा चालवणाऱ्या माणसाने नियम इतके आत्मसात केले होते की भिक्षूंची सभा त्याचे उत्तर प्रमाण मानत होती. बोईसरच्या आपल्या मुलीनेही आपल्या कामाचे नियम असेच पक्के करावेत. मग कोणी आडनाव विचारले तर तिने आधी कामातले उत्तर द्यावे, आणि मग आडनावही ठणकावून सांगावे.