मोहरीच्या फुलाचे गोत्र

बारामती-इंदापूरकडे मोहरीला पीक म्हणून कोणी मोजत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस नि गहू. मोहरी आपली हरभऱ्यात चार ओळी किंवा बांधाकडेला, घरच्या फोडणीपुरती. पण पौषात ती पिवळीधमक फुलली की एक फूल खुडून तळहातावर घ्या.

पाकळ्या चार, फुलीसारख्या समोरासमोर. आत पुंकेसर सहा; चार उंच, दोन बुटके. आता बियाण्यासाठी राखलेल्या मुळ्याचे फूल पाहा. रंग वेगळा, मोजणी तीच. कोबी, नवलकोल फुलू दिले तर त्यांचीही तीच. सारी एका गोत्राची मंडळी. उत्तरेकडचा तोरियाही याच घरचा; त्याची वरची पाने खोडाला मिठी मारतात, आपल्या मोहरीची मारत नाहीत.

गोत्राची दुसरी खूण नाकाला कळते. लोणच्यासाठी मोहरी फेसताना जो झणका येतो, त्याच जातीचे द्रव्य कोबीच्या पानातही असते. ज्याची अळी कोबीची चाळण करते, तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग या वासाच्या मागावर येतो, आणि जवळ मोहरी असली तर मादी अंडी घालायला मोहरीच पसंत करते. त्यावरून बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने १९९० च्या सुमारास सापळा पिकाची रीत सांगितली. कोबीच्या दर २५ ओळींना मोहरीच्या दोन ओळी. पहिली लागणीआधी १५ दिवस, दुसरी लागणीनंतर २५ दिवसांनी. दुसरी कशाला, असे म्हणून ती टाळू नका. मोहरी दीडेक महिन्यात फुलावर येते, पाने जून होतात. कोबीचा गड्डा तेव्हा कुठे भरू लागतो. कोवळी मोहरी नसेल तर पतंग जाईल कुठे?

अळ्या मोहरीवर जमल्या की औषध त्या ओळींवर मारतात. मात्र फुले उघडी असतील तर हात आवरा. पाकळ्यांच्या बुडाशी मध असतो आणि उन्हे चढली की मधमाश्या तिथे येतात. आपली मोहरी बहुतेक स्वतःच्याच परागावर बी धरते, तिचे माशीवाचून फारसे अडत नाही. अडते ते शेजारच्या कांद्याच्या बियाण्याचे, काकडी-कलिंगडाचे. फवारायचेच तर दिवस मावळताना, माश्या परतल्यावर, ५ टक्के निंबोळी अर्क घ्यावा.

बांधावरच्या मोहरीची फुले खालून वर उमलतात, म्हणून शेंड्याची शेंग वाळेपर्यंत थांबलात तर खालच्या तडकून बी मातीत जाते. बऱ्याचशा शेंगा पिवळ्या पडल्या की सकाळी दंव असतानाच कापणी उरकावी.